वरून तिसरा, खालून दुसरा

थांबा. बाकीचा अंक नंतर वाचा, हे आधी ऐका. मला हे आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी पुन्हा गप्प बसेन आणि आणखी दोन वर्षं तशीच जातील.

झालं असं, की संपादकांचं पत्र आलं होतं. एवढ्या नोकऱ्या करून तुम्ही इंग्रजीचे मास्तर कसे झालात ते लिहा, गमतीजमती असल्या तर उत्तम. मी लगेच यादी केली. बर्फाच्या कारखान्यातली गंमत, बसमधली गंमत, ठेकेदाराकडची गंमत. सव्विसाव्या वर्षी चौथी नोकरी, म्हणजे गमतींना काय तोटा! आज दुपारी ती यादी मी खिशात कोंबली, शाळेच्या ऑफिसातला मराठी टाइपरायटर पुढे ओढला आणि सुटलोय. शिपाई दोनदा डोकावून गेला. त्याला वाटतंय मी राजीनामा टाइप करतोय.

आज सकाळी शाळेची तपासणी होती. साहेब आठवीत आले, माझा इंग्रजीचा तास चालू होता. एडवणकडची एक मुलगी आहे, चुणचुणीत, तिलाच त्यांनी उठवलं. "वाच बाळ." तिनं पुस्तक उघडलं आणि एका दमात, कुठेही न अडखळता, सगळा परिच्छेद म्हणून दाखवला. साहेब खूश. शेरेबुकात माझ्या नावापुढे 'उत्तम' लिहून गेले. मी त्या मुलीच्या मागे उभा होतो म्हणून फक्त मला दिसलं. तिच्यापुढे बारावं पान उघडं होतं आणि वाचत होती ती सोळावं.

मी काही बोललो नाही. मधल्या सुट्टीत तिला बोलावलं तर ती रडायलाच लागली. "सर, आम्ही सगळ्याच जणी असंच वाचतो." तिचं मी बघेन. तेरा वर्षांची आहे, हाताशी वेळ आहे, रोज एक न पाहिलेलं पान पुढे ठेवीन, येईल तिला. पण मी टाइपरायटर पुढे ओढला तो तिच्यामुळे नाही. लखमामुळे.

लखमा कोण ते सांगतो. त्याआधी मी कोण ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर चूक कुणाची ते कळणार नाही.

इंटर झालो आणि पुढचं शिक्षण थांबलं. पहिली नोकरी सातपाटीला, बर्फाच्या कारखान्यात. होड्या लागल्या की बर्फाच्या लाद्या धडाधड बाहेर काढायच्या आणि नाखव्यांशी बोलाचाली बर्फ वितळायच्या आत उरकायची. मी आज इतका भरभर बोलतो तो तिथला रोग. दुसरी नोकरी बसवर, कंडक्टर. पालघर ते मनोर आणि परत. कंडक्टरचं अर्धं काम म्हणजे स्टॉप तोंडपाठ असणं. बाहेर न बघता, नुसत्या गचक्यांवरून कळायला पाहिजे कुठे आलो. एखाद्या आजीनं विचारलं, "दादा, मासवण गेलं का रं?" की मी मागचे-पुढचे सगळे स्टॉप एका श्वासात म्हणून दाखवायचो. सगळी बस हसायची. मला वाटायचं, असं क्रमानं पाठ असणं म्हणजेच येणं.

मग तारापूरला समुद्राकाठी विजेचा मोठा प्रकल्प उभा राहायला लागला. आमच्याकडे घरोघरी कंदील, आणि शेजारी वीज बनवायचं काम! सगळ्या मुलखाचं तोंड तिकडे वळलं. कोळी आले, डोंगरातले वारली आले, घाटावरचे आले, उत्तरेकडचे आले. मी प्रकल्पात नव्हतो हं. बोईसरच्या अलीकडे एक ठेकेदार खडी फोडून पुरवायचा, त्याच्या यार्डात मी टाइमकीपर. टाइमकीपर म्हणजे काय, तर सकाळी भोंगा झाला की खिडकीत बसायचं, प्रत्येकाला त्याचा पितळी बिल्ला द्यायचा, हजेरी मांडायची, संध्याकाळी बिल्ला परत घ्यायचा. मधल्या वेळात इंग्रजी टाइपरायटरवर ऑफिसची पत्रं. पत्रं टाइप करण्यात माझा हात कुणी धरत नसे. बोटं इतकी जलद चालायची की मजकूर डोक्यात शिरायच्या आधी कागदावर उतरलेला असायचा. काय लिहिलंय असं कुणी विचारलं तर मलाच परत वाचावं लागायचं.

यार्डात खडी वाहून नेणारा एक लांबलचक रबरी पट्टा होता. एकदा तो बंद करून एक जण आत अडकलेला दगड काढत होता. बटणावर रीतसर पाटी लटकवली होती, 'मेन अॅट वर्क'. म्हणजे आत माणूस आहे, चालू करू नका. पण बटणावर उभा होता त्याला वाचता येत नव्हतं. मुकादम लांबून दुसऱ्याच कुणावर ओरडला, ह्याला वाटलं आपल्यालाच सांगतोय, आणि त्यानं बटण दाबलं. आतल्याची तीन बोटं गेली.

त्यानंतर ठेकेदारानं सुरक्षेसाठी मुंबईचे एक साहेब आणले. त्यांनी नियम केला. बटणं, पंप आणि तेलाचं गोदाम या जागांवर यापुढे कायम माणसं नेमायची, पण ज्याला यार्डातल्या दहा इंग्रजी पाट्या वाचता येतील त्यालाच. हे मला आजही बरोबर वाटतं. पाट्या मराठीत का नाही लावल्या, असं तुम्ही विचाराल. मी तेव्हा विचारलं नाही.

नऊ जण निवडले. शिकवणार कोण? साहेबांनी हेड क्लार्कला विचारलं, हेड क्लार्कनी माझ्याकडे बोट केलं. "ह्याला द्या साहेब. इतका भरभर बोलतो की इंग्रजीच वाटतं."

असा मी इंग्रजीचा मास्तर झालो.

चाळीस दिवस. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर अर्धा तास, पत्र्याच्या शेडखाली. मला काय उत्साह! एका फळकुटाला डांबर फासून फळा केला. खडूनं लिहिलं तर दुपारच्या वाऱ्यात आणि खडीच्या धुळीत काही टिकेना. म्हणून मी शक्कल काढली. यार्डाच्या गाड्यांवर नंबर रंगवणारा पेंटर होता, त्याच्याकडून दहाही शब्द पांढऱ्या ऑइलपेंटनं एकाखाली एक रंगवून घेतले. पुसायची भीती नाही. साहेब बघायला आले तर म्हणाले, "व्हेरी गुड." मी फुगलो. ही माझी पहिली चूक. शेवटचीही हीच म्हणा, कारण पुढचं सगळं हिच्यातूनच आलं.

शिकवायचो कसं? कंडक्टरसारखं. डेंजर, स्टॉप, मेन अॅट वर्क, डू नॉट टच, नो स्मोकिंग, असं खाली खाली, थेट तळाच्या एक्झिटपर्यंत. सगळे एका सुरात म्हणायचे. मग मी उलटसुलट विचारायचो. उलटसुलट म्हणजे काय, तर "वरून तिसरा!" म्हणून तीन बोटं वर करायची, "खालून दुसरा!" म्हणून दोन बोटं खाली करायची. पाच वरून, पाच खालून, झाले दहा. धमाल यायची. दुसऱ्या पाळीची माणसं डबे बाजूला ठेवून बघायला जमायची.

नऊ जणांत एक होता मुरबे गावचा हरेश्वर, होडी मोडली म्हणून यार्डात आलेला कोळी. तो वर्ग कमी आणि तमाशा जास्त करायचा. "मास्तर, बोंबलाला इंग्लिशमदी काय म्हंतात वो?" मी म्हटलं, बॉम्बे डक. "आनि डक म्हंजे?" बदक. "अरं तिच्या मायला! मंग बाजारात बोंबील मागितला नि गोऱ्यानं बदक धाडला तर?" सगळे लोळायचे. हरेश्वर तिसरीपर्यंत शाळेत गेलेला, होडीवरचे नंबर, अक्षरं बघत वाढलेला. तो अक्षरं अक्षरांशी ताडून बघायचा. "ह्या डी आनि त्या डी, एकच हाय ना?" बाकीचेही थोडेफार कधीतरी शाळेची पायरी चढलेले.

लखमा कधीच चढला नव्हता. मनोरच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा. उंच, हडकुळा, बोलणं मोजकं. पावसावरची थोडी जमीन, भात-नागली पिकली की चार महिने निघायचे, पुढे घरदार उचलून वसईकडे वीटभट्टीवर. यार्डात तो आणि त्याची बायको सोनकी दोघं खडी उचलायची. आणि अहो, वर्गात हा लखमा सगळ्यात पुढे! चार दिवसांत दहाच्या दहा. मी बोटं वर करतो ना करतो तोच ह्याचं उत्तर तयार. एकदाही चुकला नाही. मी बाकीच्यांना म्हणायचो, "बघा, शाळेचं तोंड बघितलं नाही त्यानं, आणि तुम्ही!"

एक दिवस हरेश्वरनं खोडी म्हणून फळा उलटा टेकवून ठेवला, वरचा शब्द खाली, खालचा वर. मी न बघता विचारलं, "लखमा, वरून पहिला?" त्यानं फळ्याकडे बघितलं. दोन पावलं मागं सरला, मान वाकडी केली आणि म्हणाला, "बाबू, फला सरल करा, मग वाचतो." सगळे हसले. मीही हसलो. उलटी अक्षरं कोण वाचणार, असं मला वाटलं. त्याला उलटी, सुलटी, कुठलीच वाचता येत नव्हती, हे तिथंच कळायला हवं होतं. नाही कळलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सोनकी माझ्या खिडकीशी आली. बिल्ला ठेवला पण हलली नाही.

"बाबू, तो पास व्हईल ना?"

"पहिला येईल."

"तसं नका बोलू. पास व्हईल का तेवढं सांगा." मग पदराशी चाळा करत म्हणाली, "कायम झाला तर खोली देतात म्हनं. आमाला औंदा भट्टीवर नाय जायचं. थोरली पोरगी माजी तिथंच ऱ्हायली. ताप आला नि गेली. पुरली पन तिथंच. आता दर साली तिच्यावरून चालायचं नाय मला."

मी म्हटलं, "नाही जावं लागणार."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये टेबल मांडलं. साहेबांनी दहा वेगवेगळ्या पत्र्याच्या पाट्या करून आणल्या होत्या, यार्डात लागणार होत्या तशाच, एका पाटीवर एक शब्द. पत्ते पिसावेत तशा त्या मागेपुढे केल्या आणि टेबलावर चळत ठेवली. एक एक माणूस पुढे येणार, साहेब एक एक पाटी उचलून समोर धरणार. दहातल्या आठ यायला पाहिजेत. मी साहेबांच्या खांद्यामागे वही घेऊन उभा, खुणा करायला. पाटी उचलली की मला आधी दिसायची.

हरेश्वर नऊ. बाकीचे आठ, आठ, नऊ, असे. मग लखमा आला. साहेबांनी पाटी धरली. 'डू नॉट टच'.

लखमा पाटीकडे बघत राहिला. मग पाटीच्या वरच्या मोकळ्या जागेत बघायला लागला. मग खालच्या. मग अगदी शांतपणे विचारलं, "साहेब, ह्याच्या वरती कोनचा हाय?"

"क्या बोलता है?" साहेब माझ्याकडे वळले.

मला त्या क्षणी सगळं कळलं. चाळीस दिवस त्यानं एकही शब्द वाचला नव्हता. त्यानं जागा पाठ केल्या होत्या. मीच करायला लावल्या होत्या. आता पाटीला वर नव्हतं आणि खालीही नव्हतं.

"घाबरलाय साहेब," मी म्हटलं.

साहेब पुन्हा समोर वळले. आणि मी वहीच्या कडेवर चार बोटं वर केली.

लखमाची नजर पाटीवरून माझ्या बोटांवर आली. "डू नाट टच," तो म्हणाला.

पुढची पाटी. मी दोन बोटं खाली केली. पुढची. तीन वर. दहाच्या दहा. सगळ्यांत जास्त मार्क लखमाचे. साहेबांनी उठून त्याचा हात हातात घेतला. बाहेर सोनकीनं आमच्याकडे बघितलं आणि डोक्यावरचा पदर तोंडात धरून खाली बसली.

मी स्वतःला काय सांगितलं असेल? सांगितलं की पोरगी पुरलेल्या जागेवरून एका बाईला दर वर्षी चालावं लागू नये. ते खरंच होतं. पण दुसरंही खरं आहे, आज ते लिहायलाच पाहिजे. बोटं वर करताना माझ्या मनात नऊपैकी नऊ असंही आलं होतं. कारण गावच्या हायस्कुलातले इंग्रजीचे मास्तर मुंबईला गेले होते, आणि मी अर्ज दिला होता, आणि हेडमास्तर म्हणाले होते, "तुम्ही ट्रेण्ड नाही. शिकवल्याचा काही दाखला आहे का?"

साहेबांनी दाखला दिला. चाळीस दिवसांत नऊच्या नऊ पास, त्यात एक पूर्ण निरक्षर, दहापैकी दहा. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला. चारच दिवसांत शाळेत रुजू व्हायचं पत्र माझ्या हातात आलं.

लखमाला पट्ट्याच्या बटणावर नेमलं. चाळीत खोली मिळाली. सोनकीनं पाड्यावरून मडकी आणली, एक कोंबडी आणली. पहिले काही दिवस पट्टा दुरुस्तीला होता, म्हणून काही घडलं नाही. आठव्या दिवशी पट्टा तयार झाला. मुकादमानं लांबून हात केला, "लखम्या, चालू कर!"

लखमानं केला नाही. बटणाच्या खोक्यावर एक पाटी टांगलेली होती. एकटी. तो दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्यासमोर उभा राहिला. मुकादम ओरडत आला. "बहिरा झाला का? दाब की!" लखमा म्हणाला, "नाय दाबत. आत मानूस आसंल." मुकादम म्हणाला, "अरे, कोण नाही आत, मी सांगतोय ना!" तरी नाही. पट्ट्यावर काम करणारी सगळी माणसं आणून त्याच्यासमोर उभी केली, एक एक मोजून दाखवली, तरी हा पाटीकडे बघत उभा. सगळं यार्ड तासभर बंद.

त्या पाटीवर इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं, खोका कोरडा ठेवा.

साहेबांनी दोघांना ऑफिसात बोलावलं, मुकादमाला आणि लखमाला. मी कोपऱ्यात टाइपरायटरवर होतो. शाळेचं पत्र माझ्या खिशात होतं. साहेबांनी ती पाटी टेबलावर ठेवली. "हे काय लिहिलंय?"

"नाय येत वाचता."

"परीक्षेत कसं आलं?"

मी मशीनवरची बोटं उचलली. आता तो माझ्याकडे बघणार, असं वाटलं. त्यानं बघितलं नाही. भिंतीवर कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बघत म्हणाला, "तवा येत व्हतं साहेब. आता इसरलो."

"चाळीस दिवसांत शिकलास आणि आठ दिवसांत विसरलास?"

"हां."

मुकादम म्हणाला, "साहेब, ताडी. ह्या लोकांचं दुसरं काय असतं?"

"पितोस का रे?" साहेबांनी विचारलं.

त्या चाळीस दिवसांत लखमानं थेंबाला हात लावला नव्हता. हे मला माहीत होतं, सगळ्या यार्डाला माहीत होतं. हरेश्वर त्यावरून त्याला भटजी म्हणून चिडवायचा.

"पितो," लखमा म्हणाला.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीतून मजकूर सांगितला. कायम जागेवरून काढण्यात येत आहे, कारण, मद्यपानाची सवय. मी टाइप केला. मघाशी सांगितलं ना, मजकूर डोक्यात शिरायच्या आधी कागदावर उतरायचा म्हणून. तो एकच कागद असा, ज्याचं अक्षर न् अक्षर आधी डोक्यात शिरलं आणि मग उतरलं. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. साहेब समोर होते, लखमा समोर होता. मी कागद ओढून काढला, सहीला पुढे ठेवला आणि लखमाच्या अंगठ्यासाठी शाईचा पॅड पण मीच सरकवला.

त्याला परत खडी उचलायलाही ठेवलं नाही. दारूचा शेरा पडला ना. दोन दिवसांनी मडकी आणि कोंबडी घेऊन दोघं गेली.

मी शाळेत रुजू झालो. पहिल्याच दिवशी हेडमास्तरांनी सगळ्या शिक्षकांसमोर दाखला वाचून दाखवला. मी मान खाली घालून उभा. सगळ्यांना वाटलं, लाजाळू आहे.

नव्या मास्तरासारखा मास्तर नाही, एवढं खरं. मी जीव तोडून शिकवतो. फळ्यावर काही लिहिलं की तास संपायच्या आत पुसतो. शब्द एका ठिकाणी दोनदा लिहीत नाही. मुलं हसतात, सर फळाभर फिरतात म्हणून. आणि तरी आज सकाळी ते सोळावं पान निघालंच.

गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत, म्हणजे भाताची रोपं काढून लावायच्या दिवसांत, ही माणसं आपापल्या पाड्यावर सापडतात. म्हणून एका रविवारी मी मनोरला उतरलो आणि विचारत विचारत चालत गेलो. पिशवीत पुठ्ठ्याचे दहा तुकडे होते, प्रत्येकावर एक शब्द. कशाला नेले होते, कोण जाणे. लखमा गुडघाभर चिखलात होता. मला बघून बांधावर आला, हात धुतले. सोनकीनं कोरा चहा आणला. ती माझ्याशी बोलली नाही. पेला ठेवला आणि परत चिखलात उतरली, पाठमोरी होऊन रोपं लावायला लागली.

मी पुठ्ठे बाहेर काढले. म्हटलं, "आता वेगळं शिकवतो. एक एक सुटा. अजून दुसरीकडे कुठे काम लागेल."

त्यानं एक पुठ्ठा घेतला, ओल्या बोटानं कडेला धरला, आणि परत दिला.

"मास्तर, तुमी सांगितला तसाच ध्यानात धरला मी. आमी डोंगरात असंच धरतो. त्या सागाखाली झरा, झऱ्याच्या वर वारूळ. एकला वारूळ दाखवून कुठला म्हनून कोन विचारतो?"

मी विचारलं, "साहेबांना माझं नाव का नाही सांगितलंस?"

तो हसला नाही, रागावलाही नाही. पेरणी कधी केली असं कुणी विचारावं तसं सरळ उत्तर दिलं. "सांगून काय? मला वाचता येत नव्हता, मी भायेर पडनारच व्हतो. दोघं कशाला भायेर पडायचं? येक पडला तर भागत व्हता."

"पण दारूचं तरी..."

"दुसरा काय सांगू? साहेबाला कायतरी पायजे व्हता." मग शेतात बायकोकडे बघितलं. "फकस्त तिला सांगितला, खरा काय ते. तिला राग हाय. ऱ्हानार."

"ह्या वर्षी कुठे?"

"भट्टीवर. जानार की."

मी थांबलो नाही फार वेळ. निघताना सोनकीकडे बघून हात जोडले. तिनं वर बघितलं, माझे हात बघितले, आणि पुन्हा वाकली.

नावं मी बदलली आहेत. तो ठेकेदार काम संपवून गेला, साहेबही गेले, म्हणजे आता लिहायला फारसा धोका नाही, हेही मला कळतंय. पण आमचे हेडमास्तर हा अंक दर वर्षी घेतात, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. दाखला अजून त्यांच्या कपाटात आहे. त्यांना एवढंच सांगतो, सर, नऊ नव्हते. आठ होते. आणि तो माणूस पीत नव्हता.

आता तुम्ही सांगा. तुमच्या बाबतीत असं झालंय का? तुमची चूक कुणी तुमच्या देखत आपल्या अंगावर घेतली, तुम्ही चार हातांवर होतात, तोंड होतं, बोलता येत होतं, आणि तरी बोलला नाहीत, असं? झालं असेल तर संपादकांच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. का बोलला नाहीत ते नको, ते मला माहीत आहे. त्या माणसासाठी पुढे काय केलंत, तेवढं लिहा.